थोरलीची बॅग

थोरलीने बॅग मांडीवर घेतली आणि पट्टा वर उचलला, तर तो वाकेचना. कमान करून उभा राहिला तो तसाच. तिने अंगठ्याने जरा जोर दिला, तेव्हा बारीकशी करकर ऐकू आली आणि बोटाला पिवळट भुकटी लागली.

"गेली," ती म्हणाली. "बघ, ही पण गेली."

समोर पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसलेली धाकटी उठून जवळ आली. बॅग मधाच्या रंगाची होती, आता मधाचा नुसता डाग उरावा तशी फिकी दिसत होती. कोपरे पांढुरके पडले होते, आणि पट्टा जिथे बॅगेला शिवला होता तिथे, टाच भेगाळावी तशा बारीक रेघा उमटल्या होत्या. दोन उन्हाळे ती कपाटावर, खिडकीच्या अगदी समोर पडून होती. रोज दुपारचं ऊन तिच्यावरून जात होतं आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"दुकानात फोन करून सांग, मला जमणार नाही म्हणून," थोरली म्हणाली आणि बॅग तिने पायाशी ठेवून दिली.

दोघी सख्ख्या जावा. धाकटीची पन्नाशी उलटली होती, तरी ती धाकटीच होती. नवजात बाळांच्या वॉर्डात ती नर्स होती. दिवसातून कितीतरी वेळा साबणाने हात धुवायचे, त्यामुळे हात कायम खडबडीत. थोरलीने सगळी उमर चष्म्याच्या दुकानात काढलेली. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याला कुठली फ्रेम शोभेल हे तिने ठरवलेलं असायचं, आणि शंभरदा नको म्हणणारा माणूस शेवटी तीच फ्रेम घेऊन जायचा. तिचं चालणं, बोलणं, साधा पदर सारखा करणं, सगळंच असं की चार माणसांत नजर तिच्यावरच जाणार. धाकटी तिच्या शेजारी उभी असली की लोक विचारायचे, आणि या कोण?

ही बॅग थोरलीच्या नवऱ्याने आणलेली. तो मालवाहू बोटीवर इंजिनाचं काम करायचा आणि एकदा दूरच्या बंदरातून ही घेऊन आला. दोघं बाहेर पडली की तो रस्त्याच्या बाजूने चालायचा, आणि ती बॅग घेऊन आतल्या बाजूने. बॅगेवर कंपनीचं नाव होतं, पण ते कसं म्हणायचं याबद्दल घरात चार माणसांची पाच मतं होती. नाव काही का असेना, थोरलीच्या हातात ती गेली आणि तिथलीच झाली. थोरली आपले जुने स्वेटर, चपला, पर्सेस धाकटीला देऊन टाकायची, "तुला होईल बघ" म्हणून. ही बॅग मात्र कधी खाली आली नाही. खोटं कशाला बोला, धाकटीने त्या बॅगेचा पुष्कळ हेवा केला होता.

मग थोरलीचा नवरा गेला. बोटीवरून सुखरूप परत आलेला माणूस घरी, सकाळी दाढी करताना गेला. त्या दिवसापासून थोरली घराबाहेर पडली नव्हती. सुरुवातीला कोणी काही म्हटलं नाही. नंतर म्हटलं, तर तिने ऐकलं नाही. केस विंचरायची नाही, दुपारपर्यंत गाऊनमध्ये असायची, टीव्ही लावायची आणि भलतीकडेच बघत बसायची. धाकटी सुट्टीच्या दिवशी यायची, भाजी टाकायची, कपडे धुवायची. लग्न होऊन आल्यापासून तिला मनातून वाटायचं की या बाईने एकदा तरी आपल्यासारखं साधं दिसावं. आता ती तशी दिसत होती, आणि धाकटीला ते मुळीच सोसत नव्हतं. जिचा हेवा करायचा ती बाईच घरातून उठून गेल्यासारखं झालं होतं.

म्हणून दुकानाच्या मालकाचा फोन आला तेव्हा धाकटीच जास्त हरखली. त्याने नवी शाखा काढली होती, तीन नव्या मुली ठेवल्या होत्या, त्यांना शिकवायला आठवड्यातून दोनदा या म्हणत होता. थोरली फोनवर हो म्हणून गेली. बहुधा सवयीने. सोमवारी सकाळी जायचं ठरलं होतं. आज शनिवार, आणि बॅगेचं निमित्त होऊन सगळं फिसकटत होतं.

धाकटीने फोन केला नाही. बॅग पिशवीत घातली आणि जाता जाता एवढंच म्हणाली की ही मी घेऊन जाते, सोमवारी सकाळी आणून देते. थोरलीने मान वळवली नाही.

बॅगा दुरुस्त करणाऱ्याचं दुकान जिन्याखाली होतं. त्याने बॅग खालून वर, आतून बाहेर बघितली, आणि बुधवारी घेऊन जा म्हणाला. सोमवारीच हवी आहे हे कळल्यावर त्याने हात वर केले. पण धाकटी हलेना, तेव्हा त्याने चामड्याच्या क्रीमची एक डबी तिच्यापुढे सरकवली आणि काय करायचं ते सांगितलं. ओल्या नव्हे, नुसत्या दमट फडक्याने धूळ पुसायची. पूर्ण वाळू द्यायची. मग क्रीम थोडं थोडं, गोल हाताने, आणि आधी झाकणाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. स्वयंपाकाचं तेल चुकूनही लावायचं नाही. उन्हात ठेवायची नाही. आत कागद भरून ठेवायचे, म्हणजे आकार राहतो.

"भेगा जाणार नाहीत," तो म्हणाला. "मी लावलं तरी जाणार नाहीत. पण मऊ होईल."

रविवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि बॅग मधोमध ठेवली. नवऱ्याने वर्तमानपत्र तिच्या स्वाधीन केलं, तेही निम्मंच वाचून झालेलं. त्याने डोकावून थट्टेने विचारलं की बाळाचं वजन केलंस का. तिने लक्ष दिलं नाही. शिवणीतली धूळ तिने फडक्याच्या टोकाने काढली. झाकणाच्या आत क्रीमचा एक ठिपका लावून बघितला, चहा होईपर्यंत वाट पाहिली. काही वाईट झालं नाही. मग तिने मागची बाजू घेतली. चामडं इतकं तहानलेलं होतं की क्रीम लावायचा अवकाश, आत जाऊन दिसेनासं व्हायचं. पट्ट्याच्या बुंध्याशी तिने बोट जरा जास्त वेळ ठेवलं, मालिश करताना बाळाच्या कोपराच्या वळीत ठेवतात तसं, आणि तिला जाणवलं की पट्टा किंचित दबला. सकाळपासून पहिल्यांदाच. तिने परत दाबून बघितलं. खरंच दबत होता.

मग मात्र तिला हुरूप चढला, आणि तिथेच घोटाळा झाला. समोरच्या बाजूला तिने हात सैल सोडला. डबी निम्मी रिकामी झाली. हात धुऊन परत आली तर बॅगेचा पुढचा भाग गडद तपकिरी दिसत होता, एकसारखा नव्हे, ठिकठिकाणी. वर, खाली, आणि डाव्या बाजूला तळहाताएवढा डाग. पावसात भिजून आल्यासारखी बॅग.

धाकटी खुर्चीवर बसली. दुकान रविवारी बंद. बॅगवाल्याचा नंबर तिने घेतला नव्हता. नवरा म्हणाला की पावडर टाकून बघू का, शोषून घेईल. तिने पावडरचा डबा त्याच्या हातून काढून घेतला. तो म्हणाला की मग वहिनींना सांगू, बॅगेचा रंगच असा होता. तेव्हा तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

"अहो, त्या जाणार होत्या," ती म्हणाली. "दोन वर्षांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकणार होत्या. आणि मी त्यांना हे नेऊन दाखवू?"

त्याने उठून पंखा जरा बारीक केला.

दुपारी तिची ड्यूटी होती. निघताना तिने नवऱ्याला बजावलं की बॅगेला हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. तो खुर्ची ओढून टेबलापाशी बसला.

वॉर्डात तिचं चित्त लागेना. एका आईचं बाळ दूध ओढत नव्हतं, आई रडकुंडीला आली होती. धाकटीने बाळाची मान हातावर घेतली, आईचा खांदा दाबून तिला मागे टेकायला लावलं, घाई नाही, घाई नाही, असं पुटपुटत राहिली. ते नेमकं कोणाला म्हणत होती कोण जाणे. थोड्या वेळाने बाळाने तोंड लावलं आणि त्याच्या गळ्याची हालचाल दिसायला लागली. तेवढ्यात तिला बाहेर फोनवर बोलावलं.

"ऐक," नवरा म्हणाला. "रंग उतरायला लागलाय."

तिने भिंतीला हात टेकला.

"उतरायला म्हणजे," तो घाईने म्हणाला, "तो गडद रंग उतरतोय. पहिला परत येतोय. कडेकडेने येतोय बघ, वाळत येतो तसा. मी हात लावला नाही. नुसता बघतोय तू गेल्यापासून."

तिने फोन ठेवला आणि परत आत गेली. बाळ अजून पीत होतं. आईने विचारलं, सिस्टर, सगळं ठीक आहे ना? धाकटी म्हणाली, हो, सगळं ठीक आहे. आणि तिला एकदम हसू फुटलं. आईला वाटलं बाळाकडे बघून हसल्या.

सोमवारी सकाळी थोरली दार उघडून तशीच आत वळली. गाऊन, विस्कटलेले केस. डोकं दुखतंय म्हणाली. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाली. मालक भला माणूस आहे, समजून घेईल. हे सगळं ती स्वयंपाकघराकडे तोंड करून बोलत होती.

धाकटीने वाद घातला नाही. वॉर्डात ती शिकली होती की रडणाऱ्याशी बोलून काही होत नाही, हातात काहीतरी द्यावं लागतं. थोरली बसल्यावर तिने बॅग पिशवीतून काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

थोरलीचा हात आपसूक पट्ट्यावर गेला. पट्टा वाकला. तिने तो सोडला, तो संथपणे खाली आला आणि एका बाजूला कलला. तिने परत उचलला. मग झाकण उघडलं, बंद केलं. पालथा हात बॅगेच्या पाठीवरून फिरवला. बॅग खिडकीकडे तिरकी धरून ती बघत राहिली, पूर्वी फ्रेमच्या काचा धरून बघायची तशी, एक डोळा बारीक करून. धाकटी रिकाम्या पिशवीची घडी घालत उभी.

"इथं जास्त लावलंयस," थोरली म्हणाली. डाव्या बाजूला तिने बोट ठेवलं. डाग जवळजवळ गेला होता. जवळजवळच.

"हो," धाकटी म्हणाली.

"कळतंय."

"हो."

थोरली बराच वेळ त्या जागेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुझी सुट्टी गेली की गं यात."

इतक्या वर्षांत थोरलीने आपल्या सुट्टीची चौकशी केल्याचं धाकटीला आठवत नव्हतं.

"वाजले किती?" थोरलीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता उठली. "माझा कंगवा कुठे ठेवलास तू? काही सापडत नाही तू आवरून गेलीस की."

ती आत गेली. धाकटी स्टुलावर बसली, पेलाभर पाणी प्यायली आणि आतून येणारे आवाज ऐकत राहिली. कपाटाचं दार, बांगड्या, नळ, परत कपाटाचं दार.

चष्म्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर धाकटी बसून राहिली. काचेतून सगळं दिसत होतं. सुरुवातीला थोरली अंग चोरून, भिंतीला लागून उभी होती. मालक काहीतरी बोलला, ती नुसती मान हलवत होती. मग एक मुलगी एका गिऱ्हाइकाला चष्मा लावून बघायला लागली, तशी थोरली पुढे झाली. तिने बॅग काउंटरवर ठेवली, चष्मा हळूच काढून घेतला, ट्रेमधली दुसरी फ्रेम उचलली. गिऱ्हाईक नको नको म्हणताना दिसत होतं. मग ते आरशात बघत राहिलं. तिन्ही मुली जवळ सरकल्या.

परत जाताना थोरली रागावली होती. वाटभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. त्या मुलींना काही येत नाही. एकीने गोल चेहऱ्याला गोल फ्रेम लावली. दुसरी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता किमतीच वाचून दाखवते. मालकाला अक्कल नाही, काउंटरवर दिवे असे लावलेत की माणूस आजारी दिसतं. गुरुवारी गेल्यावर आधी ते दिवे बदलायला लावणार आहे.

धाकटी हं हं करत होती. असं रागावलेलं माणूस ऐकायला इतकं बरं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. नवऱ्याला कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

रस्ता ओलांडल्यावर फुटपाथ रुंद झाला. थोरली दुकानांच्या बाजूने चालत होती, बॅग आतल्या हातात. रस्त्याच्या बाजूला तिने एक माणूस चालेल एवढी जागा सोडली होती. समोरून कोणी आलं की ती आणखी आत सरकायची, ती जागा मात्र तशीच ठेवून. दोन माणसं तिथून निघून गेली, तरी ती पुन्हा तेवढीच झाली.

धाकटी तिच्या बरोबरीला यायला निघाली होती. मग तिने पाऊल आवरलं, आणि घर येईपर्यंत ती एक पाऊल मागून चालत राहिली.