सेकंद चालू होते

कार्लोवच्या बर्फाच्या स्केटिंग रिंकमधल्या कँटीनमध्ये त्या मंगळवारी सकाळी चार माणसं होती आणि बोलणं पाचव्याबद्दल चाललं होतं. पाचवा म्हणजे ऑरेस्ट हनात्युक. एकोणीस वर्षं त्याने या गावाचा बर्फ सांभाळला आणि अकरा दिवसांपूर्वी, सकाळी आठच्या सुमारास, बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांच्या खोलीत गळलेल्या अमोनियाने त्याचा जीव घेतला.

त्या खोलीच्या दाराबाहेर भिंतीवर संगणकाचा एक पडदा होता. आत हवेत अमोनिया किती, तो आकडा त्यावर मोठ्या अक्षरांत दिसायचा आणि वर कोपऱ्यात घड्याळ. आकडा पंचवीसच्या खाली असला तर तसंच आत जायचं, वर गेला तर भोंगा वाजायचा आणि गॅसच्या मुखवट्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पडद्याचा प्रोग्राम कोरीन पेनरने लिहिला होता. ती आता टेबलाच्या टोकाला कॉफीच्या कागदी कपाची कड कुरतडत बसली होती आणि शेजारी तिचा मालक वेड फ्रीसन तिला डोळ्यांनीच दटावत होता.

गाडीतून येताना त्याने बजावलं होतं, "विचारतील तेवढंच सांग. पडदा चालू होता ना? होता. झालं तर."

"वेड, पडदा चालू होता. आकडा पावणेसहालाच मेला होता."

"ते कोणी विचारलंय? अठरा रिंकमध्ये आपला पडदा आहे, बाई. तुझ्यासकट सात घरांच्या चुली त्यावर पेटतात."

बाकीच्या सतरा ठिकाणी कोरीनने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती पाठवली होती. 'नेहमीचं अपडेट' असं त्यावर लिहिलं होतं. तेही वेडनेच सांगितलं होतं आणि तिने मुकाट्याने लिहिलं होतं.

चौकशीला रेजायनाहून डोरान नावाचे निरीक्षक आले होते. माणूस सभ्य, आवाज हळू. त्यांच्यासमोर ऑरेस्टच्या हातची नोंदवही उघडी होती. दर अर्ध्या तासाला आकडा बघायचा आणि लिहायचा, हा इथला नियम.

"सहाला चार. साडेसहाला चार. सात, साडेसात, आठ, सगळीकडे चार," ते म्हणाले. "आधीचे दिवस बघा. तीन, पाच, सहा, चार. आकडा हलत असतो. त्या दिवशी दोन तास हललाच नाही. म्हणजे न बघताच चार लिहीत होते आणि सवयीने आत गेले."

ओट्यापाशी उभी असलेली ऑरेस्टची बायको स्टेला वळली. कँटीन तिचंच. तिला बाहेर बसायला सांगितलं, तर ती म्हणाली होती की मी माझ्या स्वयंपाकघरात आहे, बाहेर तुम्ही बसा.

"ऑरेस्ट? न बघता?"

"मला वाईट वाटतं, मिसेस हनात्युक."

"वाटू द्या. पण खोटं लिहू नका. आजारात नाक गेलं तेव्हापासून दूधसुद्धा तो आधी मला हुंगायला लावायचा. इतका भित्रा माणूस न बघता त्या खोलीत शिरेल?"

"वय झालं की होतं असं," वेड मऊ आवाजात म्हणाला. "माणूस कष्टाळू होता, त्यात प्रश्नच नाही."

कोरीनला त्याचा तिटकारा आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. काहीतरी करायचं म्हणून तिने वही पुढे ओढली. सहा वाजून शून्य मिनिटं बारा सेकंद. सहा तीस, एकेचाळीस सेकंद. सात शून्य, पाच सेकंद. प्रत्येक चारपुढे सेकंदांसकट वेळ होती.

"हे सेकंद कशाला?" तिने विचारलं.

"ते मलाही कळलं नाही," डोरान म्हणाले. "लहर असेल."

"दोन वर्षं लिहायचा," स्टेला म्हणाली. "मी चिडवायचे, रॉकेट सोडतोस का म्हणून."

तेव्हा कोरीनला आठवलं. पडदा बसवला त्या दिवशी ऑरेस्टने तिला गाठलं होतं. "पोरी, हा आकडा खरा कशावरून? माझं नाक गेलंय. मी याच्याच भरवशावर आत जाणार." ती घाईत होती. म्हणाली, "कोपऱ्यातले सेकंद बघायचे. पळताहेत म्हणजे पडदा जिवंत आहे. थांबले तर आत जायचं नाही."

तेव्हा ते खरं होतं. सेन्सर वाचायचा, आकडा लिहायचा, घड्याळ पुढे सरकवायचं, ही कामं एकाच रांगेत चालायची. सेन्सर अडला की घड्याळही अडायचं. मग गेल्या शरद ऋतूत सेन्सर रेंगाळू लागले, पडदे दहा-दहा सेकंद गोठायचे आणि रिंकवाल्यांनी फोन करून करून डोकं उठवलं. कोरीनने या धंद्यातलं कोणीही करेल तेच केलं. वाचण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या रांगेवर, टाकलं आणि घड्याळाला स्वतःचा टायमर दिला. पडदा पुन्हा कधी गोठला नाही. वेडने सगळ्यांना डोनट खिलवले.

वाचणाऱ्या थ्रेडमध्ये तिने एक ओळ लिहिली होती: चूक झाली तर गुपचूप थांब. सोमवारी नीट करू म्हणून लिहिली आणि तो सोमवार उगवलाच नाही. थ्रेड मेला की नवा आकडा येत नाही आणि पडद्यावर शेवटचा लिहिलेलाच दिसत राहतो. भोंगाही त्याच आकड्यावर बांधलेला. सेकंद मात्र पळत राहिले. ऑरेस्टला शिकवलेला नियम आपण मोडलाय हे तिने त्याला कळवलं नाही, कारण असा नियम शिकवला होता हेच ती विसरली होती.

ती उठली. "मिस्टर डोरान, पडद्यापाशी या. त्यात अजून जुनाच प्रोग्राम आहे."

"कोरीन," वेड म्हणाला.

"बस झालं, वेड."

पडद्यावर तीन होता. तिने सांगितलं तसं डोराननी सेन्सरची वायर स्वतःच्या हाताने काढली. चौघं उभी राहिली. तीन तसाच राहिला. कोपऱ्यातले सेकंद पळत होते.

"किती वेळ थांबायचं?" डोराननी विचारलं.

"कितीही. तो तीनच राहील." तिने कोपऱ्यातल्या सेकंदांवर बोट ठेवलं. "ऑरेस्ट बघत होते. मी जे बघायला सांगितलं तेच बघत होते. वहीतले सेकंद ही त्याचीच खूण. आधी सेकंद, मग आकडा, मग दार."

डोरान लिहू लागले. वेड फोन काढून बाहेर गेला. स्टेला एप्रनला हात पुसत पडद्याच्या अगदी जवळ आली.

"म्हणजे त्याने बघितलं होतं."

"दर वेळी."

"आठ वाजताही?"

"आठ वाजून पन्नास सेकंदांनी. वहीत आहे."

स्टेला बराच वेळ ते पळणारे सेकंद बघत राहिली. मग आवाज न चढवता तिने विचारलं, "आणि तू काय बघत होतीस?"

"पडदा अडकू नये, एवढंच," कोरीन म्हणाली.

स्टेलाने मान हलवली, कँटीनमध्ये परत गेली आणि आतून कडी लावून घेतली.