झऱ्यापाशी बसलेला साहेब

सरकारी माणसाचं कौतुक माझ्या तोंडून सहसा निघत न्हाई. पर महिपती साहेबाचं निघतं. माणूस बघावा तर तसा.

दुष्काळाच्या आदल्या साली मोठ्या रस्त्याची आखणी चाललीवती. एक लाईन आमच्या वाडीच्या वरल्या टेपाच्या उंचवट्यावरनं, दुसरी ओढ्यापल्याड, कुसगावच्या माळानं. माळावर कुणाचा पाणवठा न्हाई. वरची लाईन झाली, तर टेपावर डांबराची भट्टी आन् डिझेलच्या टाक्या बसणार. त्याच्या बरोबर खाली आमचा झरा, साती आसरांचा, पाण्यातल्या देवींचा. उन्हाळ्यात सगळी वाडी त्या एका पाण्यावर. ते नासलं तर वाडी उठलीच म्हणायची.

वरलं तेल झिरपून झऱ्यात उतरंल का, हे बघाया महिपती साहेब आला. झऱ्यापाशी कुणी न सांगता त्यानं बूट काढले. मग टेपावरच्या भेगेत पोतंभर मीठ पाण्यात कालवून ओतलं.

म्हणाला, "झऱ्याचं पाणी खारट लागलं, तर तेलही उतरणार. मग वरची लाईन नको, असं मी लिहीन. गोडच राहिलं, तर मला अडवता येणार नाही."

माझी सासू चिमाबाई, तिला धीर कुटला? दुसऱ्या दिशी सगळी रानात गेल्यावर तिनं घरातली मिठाची बरणी झऱ्याखालच्या डोहात पालथी केली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सांजच्याला साहेबानं डोहाचं पाणी चाखलं. खारट. मग खडकाच्या फटीतनं डोहात पडती ती धार चाखली. गोड. त्यानं आमच्याकडं बघितलं, तशी सासू पुढं झाली.

"म्या टाकलं, साहेब."

मला वाटलं, गेला आता हा तणतणत. पर त्यो शांतपणानं म्हणाला, "मावशी, मी खोटं लिहिलं, तर उद्या दुसरा येऊन चाखेल. मग तुमचं खरंही कुणी ऐकणार नाही."

डोह उपसून घेतला आन् तितंच घोंगडं टाकून बसला. जेवण तितंच, झोप तितंच.

माझं टाळकं सटकलं. आमच्यावर पहारा? आमी काय चोर हाय? भाकरी न्यायची ती त्याच्याम्होरं आपटायची. त्यो मुकाट खायचा, वर म्हणायचा, "ठेचा झकास होता, वहिनी."

धार काय खारट हुईना. सासूनं अन्न सोडलं.

मग एका सकाळी मी भाकरी घेऊन गेले, तर साहेबानं धारेखाली ओंजळ धरलीवती. चाखली आन् सासूला हाक मारली.

"मावशी, तुम्ही बघा."

सासूनं चाखलं. खारट. आनंद ऱ्हायला बाजूला, म्हातारीनं साहेबाचं पाय धरलं.

"आसरांची आन, साहेब. ह्या बारीला म्या हात लावला न्हाई. पर माझ्यावर कोन इस्वास ठेवंल आता?"

"विचारतील लोक, बाईनं पुन्हा मीठ टाकलं नाही कशावरून," साहेब म्हणाला. "मी सांगेन, मी तिथून हललो नव्हतो. त्यासाठीच तर बसलो होतो, मावशी."

त्यानं तसंच लिहिलं आन् लाईन माळानं गेली.

त्या सकाळची भाकरी मी आपटली न्हाई. पदर सावरला, खाली बसले आन् दोन्ही हातांनी दिली.