पाचशे मैलांवरचे आठ नट

"दाब. धर."

"धरलंय."

"सोड आता."

ट्रकखाली पाठीवर पडून हॉबर्ट साइझमोर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढत होता आणि वर बसलेली त्याची मुलगी टॅबिथा पेडल दाबत होती. ती आठ वर्षांची असल्यापासून केंटकीतल्या या गॅरेजात बापलेकीचा हा उद्योग चालत आला होता. आता ती एकतीस वर्षांची झाली होती. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि उद्या तीही दूर पश्चिमेला वायोमिंगला निघणार होती, जंगलातल्या रस्त्यांच्या कामावर.

तिकडच्या खडकाळ वाटांसाठी तिला ट्रक चार इंच उंच करून हवा होता. नुसता उंच करून भागत नाही. जुन्या नळ्या ताणल्या जातात, म्हणून हॉबर्टने लांब नळ्या घातल्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवून कुठे ओढ बसते का तेही पाहिलं. खरं सांगायचं तर काहीतरी कमी पडावं अशीच त्याची इच्छा होती. एखादा भाग चुकीचा आला असता, तर पोरगी आणखी आठवडाभर राहिली असती. पण मेलं सगळं चपखल बसलं.

शेवटची नजर टाकायला टॅबिथा खाली सरकली.

"डॅडी, हे पुढचे बोल्ट कुणी आवळले?"

"मी. का गं?"

"गाडी हवेत असताना?"

ज्या सांध्यांत रबर असतं, त्यांचे बोल्ट आधी सैल ठेवायचे. गाडी खाली उतरवून तिचा भार तिच्या चाकांवर आला की मगच आवळायचे. नाहीतर रबराला पीळ बसतो आणि ते फाटतं. चाळीस वर्षं तो हेच दुसऱ्यांना ओरडून सांगत आला होता.

"म्हातारा झालास की काय? लक्ष कुठे होतं तुझं?"

"वायोमिंगला."

टॅबिथाने पाना घेऊन सगळे बोल्ट सैल केले, चाकं चढवली, ट्रक हळूच जमिनीवर उतरवला आणि एकेक बोल्ट नीट आवळला. हॉबर्ट बाजूला उभा राहून पाहत होता. तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला.

"पाचशे मैलांनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे आठही नट सैल पडतात, ते परत आवळायचे," सकाळी तो म्हणाला. "त्यासाठी गिऱ्हाइकांना मी इकडेच बोलावतो."

"मी तेव्हा वाटेत मिझुरीत असेन, डॅडी."

हॉबर्टने भिंतीवरचा लांब पाना काढून तिच्या हातात दिला. पुरेसा जोर लागला की 'कट्' असा आवाज करणारा हा पाना तो कुणाला हात लावू देत नसे.

"परत आणून दे म्हणजे झालं."

"देईन की."

ती निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "पेट्रोल पंपावर आहे. फोन खाली ठेवते, ऐक."

कट्. हॉबर्ट बोटांवर मोजू लागला. सातव्यानंतर सगळं शांत झालं.

"टॅबी? आठवा?"

"थांब रे, हात पुसतेय. जेवलास का तू?"

"आधी आठवा."

कट्.

"झाले आठ. निघू आता?"

हॉबर्टने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"पहिला परत एकदा बघ."

"घट्ट आहे तो, डॅडी."

"बघ तरी."

मग आवाज आला. कट्.