गेटपर्यंतची केळी

फोन वाजला की पारस घाबरतो. वय चौतीस, जळगावात वडिलांपासून चालत आलेलं प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान, बायको, एक मुलगी, सगळं रीतसर. तरीही स्क्रीनवर कुणाचं नाव उजळलं की हा बाबा फोन हातात धरून नुसता बघत बसतो. रिंग थांबली की श्वास सोडतो आणि मग मेसेज टाकतो, ‘कामात होतो, बोला.’ समोरच्याने लिहावं, आपण लिहावं, मध्ये कुणाचा आवाज नको, एवढंच त्याचं मागणं असतं.

त्यासाठी त्याने फोनची व्यवस्था मात्र नामी लावली होती. निळ्या खुणा बंद. ‘शेवटचं कधी पाहिलं’ बंद. नातेवाइकांचे, समाजाचे, शाळेतल्या बॅचचे सगळे ग्रुप नजरेआड. वाढदिवसाला एक ठरलेला मजकूर, लग्नाला एक, कुणी गेलं तर एक. दुकान बंद असताना कुणी लिहिलंच, तर फोन आपण होऊन उत्तर देई : ‘नमस्कार, लखीचंद अँड सन्समध्ये आपले स्वागत आहे. आपला मेसेज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. लवकरच संपर्क करू.’

त्याची बायको जिनल म्हणायची, “तुमचा फोन म्हणजे सरकारी कचेरी आहे. अर्ज घेतात, निकाल लागत नाही.”

तो हसायचा. त्याला ते कौतुकच वाटायचं.

संवत्सरीचा दिवस मात्र या व्यवस्थेलाही जड जातो. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं त्याची क्षमा मागायची, हा जैनांचा वर्षातला मोठा दिवस. लखीचंदजी धडधाकट होते तेव्हा संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पायी निघायचे. आधी घरचे, मग बाजार. व्यापारी, दलाल, हमाल, समोरचा चहावाला, कुणीच सुटत नसे. हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायचे आणि पुढे सरकायचे. त्यांचा एक नेम होता. ज्याच्याशी वर्षभरात बिनसलं असेल, त्याचं दार पहिलं. “बाकीच्यांना संध्याकाळी भेटलो तरी चालतं,” ते म्हणत. आता गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं आहे, आणि ते काम मुलाकडे आलं आहे.

मुलाने ते पावणेदोन मिनिटांत उरकलं. एक ब्रॉडकास्ट यादी, दोनशे एकतीस नावं. ‘जाणता-अजाणता आपलं मन दुखावलं असल्यास मन-वचन-कायेने क्षमा मागतो. पारस लखीचंद, सहपरिवार.’ खाली हात जोडलेले. बोट दाबलं आणि दोनशे एकतीस माणसांशी एकदम हिशेब मिटवला.

मिटवला असं त्याला वाटलं. खरं म्हणजे ती यादी त्याने एका नावासाठी केली होती, आणि ते त्याचं त्यालाही ठाऊक होतं. फैज.

फैज धुळ्याचा. पारस तिथे इंजिनिअरिंगला होता तेव्हाचा एकुलता एक मित्र. वर्गात कुणाशी न बोलणाऱ्या पारसला त्याने पहिल्याच महिन्यात हाताला धरून घरी नेलं होतं. फैजची आई जैनब मूळची शिंदखेड्याकडची; पारस तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायचा. तिची बोली थेट अहिराणी. पोरगा जैन आहे कळल्यावर तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात बाजारातून स्टीलची एक लहान पातेली आणली आणि भांडेवाल्याकडून तिच्यावर नाव कोरून घेतलं : पारस. त्या पातेलीत चार वर्षं दुसऱ्या कुणाचं काही शिजलं नाही. कांदा नाही, लसूण नाही, आणि दिवस मावळायच्या आत ताट पुढे. पारसने हे घरी कधी सांगितलं नाही. काय म्हणतील, या भीतीने. ती पहिली लाज, आणि ती जुनी होती.

नवी लाज तीन महिन्यांची होती.

जूनमध्ये एका रात्री फैजचा मेसेज आला होता. ‘अम्मीला जळगावला आणलंय. रिंग रोडच्या दवाखान्यात, आयसीयूत आहे. तुझं नाव घेते. जमलं तर ये.’ दुकान बंद होतं. फोनने लगेच उत्तर पाठवलं : आपले स्वागत आहे. आपला मेसेज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

पारसने ते सकाळी वाचलं. त्याला खरंच वाईट वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. तो लगेच लिहायलाही बसला. पण काय लिहायचं? ठरलेल्या मजकुरांत आजारी खालासाठी काही नव्हतं. फोन करावा तर फैज रडला तर काय बोलायचं? त्यापेक्षा जाऊनच येऊ, असं त्याने ठरवलं, आणि ठरवलं म्हटल्यावर त्या दिवशी लिहिणं राहिलं. दुसऱ्या दिवशी कालचं उत्तर राहिलं म्हणून आज लिहायची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मधल्या काळात फैजचे आणखी दोन मेसेज आले, दोन्ही रात्रीचे, आणि दुकानाने दोन्ही वेळा त्याचं मनापासून स्वागत केलं.

चौथ्या दिवशी मात्र पारस निघाला. वाटेत एक डझन केळी घेतली, पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली. ‘खाला कशी आहे? मला उशीर झाला,’ हे वाक्य रस्ताभर पुटपुटत गेला. दवाखान्याच्या गेटमधून आत पाहिलं तर पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं. फैजचे मामा, काका, चुलतभाऊ. त्या सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं, कोण म्हणून विचारायचं, कुणीतरी म्हणायचं, आत्ता आलास होय? दहा मिनिटं तो स्कूटरवर तसाच बसून राहिला. मग त्याने स्कूटर वळवली.

केळी घरी आली. “स्वस्त मिळाली,” तो जिनलला म्हणाला. तिने शिकरण केलं. त्याने दोन वाट्या खाल्ल्या.

अकरा दिवसांनी खाला बरी होऊन धुळ्याला परत गेल्याचं फैजच्या स्टेटसवरून कळलं. त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची इतकी शरम वाटली की त्याने स्टेटस बघणंच सोडलं. त्यानंतर फैजकडून अक्षर नाही. म्हणून ही दोनशे एकतीस नावं. गर्दीत उभं राहून एकाची माफी मागायची, म्हणजे मागितल्यासारखीही होते आणि मान वर करावी लागत नाही.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा त्याने पाठवलेल्या मेसेजची माहिती उघडली. कुणाला पोचला, कुणाला नाही. बहुतेक सगळ्यांना पोचला होता. फैजला नव्हता. नेट बंद असेल म्हणून त्याने चहा होईपर्यंत वाट पाहिली. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर जपून ठेवलेला नसतो, त्याला ब्रॉडकास्ट जात नाही. पंधरा वर्षांचा मित्र. त्याने नंबर पुसून टाकला होता.

पारस गल्ल्यावर बसून राहिला. बिजागऱ्या मागायला आलेल्या सुताराला त्याने कड्या दिल्या.

तेवढ्यात फोनने टिंग केलं. जैनब खाला. यादी करताना तिचाही नंबर आत गेला होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. लिखाण नव्हतं, आवाज होता, एक मिनिट चाळीस सेकंद. आवाजाचे मेसेज पारस कधी उघडत नाही, दुसऱ्याला ‘लिहून पाठवा’ म्हणतो. खालाला लिहिता येत नाही. तो मागच्या गोदामात गेला, प्लायच्या थप्प्यांमध्ये उभा राहिला आणि फोन कानाला लावला.

“पारस बेटा, कसा शे? तुना मेसेज फैजनी पोरनी वाची दाखाडा. माफी कसाले मांगस रे तू? तू काय करं? तू तर दवाखानामा उना व्हता ना, केळं लीसन. फैजनी माले सांगं. मी निजेल व्हती, तोंड नही दखायनं तुनं. एकदाव घर ये ना बेटा. तुनी पातेली शे आजून.”

त्याने परत ऐकलं. केळं लीसन, केळी घेऊन. ती केळी कुणासाठी घेतली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. जिनललाही नाही. म्हणजे फैजने त्याला पाहिलं होतं. गेटवर, स्कूटरवर, पिशवीसकट, दहा मिनिटं. पाहिलं आणि हाक मारली नाही. आणि वर जाऊन आईला सांगितलं, पारस येऊन गेला.

प्लायच्या थप्पीवर डोकं टेकून पारस तिथेच उभा राहिला. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाजेच्या बाबतीत त्याचा अनुभव थोडाथोडका नव्हता.

रात्री तो वडिलांपाशी बसला. “सगळ्यांना खमावलं का, क्षमा मागितली का?” लखीचंदजींनी विचारलं.

“एक राहिलाय.”

“मग बाकीचे कशाला मोजतोस?” ते म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

सकाळच्या एसटीने तो धुळ्याला गेला. कळवलं नाही, कळवलं असतं तर गेला नसता. ठरवून टाकलं होतं : खालाच्या पायांपाशी बसायचं आणि खरं ते सांगायचं. मी आलो नव्हतो. गेटवरून परत गेलो. काय व्हायचं ते होऊ दे.

खाला पलंगावर बसली होती, निम्मी झालेली. त्याला बघून तिचा चेहरा फुलला. शेजारची बेबाबाई मेथी निवडत बसली होती, तिला खाला म्हणाली, “हाऊ पारस. मी सांगं व्हतं ना तुले? जळगावले दवाखानामा हाऊच उना व्हता.”

“हाऊच का?” बेबाबाईने त्याला आपादमस्तक पाहिलं. “आजकाल कोन येस? बठ्ठा फोनवरच हात जोडतस. गुनना पोऱ्या शे.”

पारसला ऐकवेना. तो खाली बसला. “खाला, मला तुला एक सांगायचंय...”

“पारस.” दारात फैज उभा होता. फ्लेक्सच्या दुकानातून आलेला, बोटांना शाई. “चल, जरा बाहेर ये.”

मागच्या अंगणात नळाखाली हंडा लावून फैज उभा राहिला.

“तिला सांगणार होतास?”

“हो.”

“का?”

“खोटं आहे ते.”

“खोटं मी बोललोय, तू नाही,” फैज म्हणाला. “रोज विचारायची, पारसला कळवलं का, पारस येतोय का. मी तिला काय दाखवू? तुझ्या दुकानाने माझं तीनदा स्वागत केलं ते? चौथ्या दिवशी तू जिन्याच्या खिडकीतून दिसलास. म्हटलं, चला, आला. मी वरच थांबलो, आता जिना चढेल. मग स्कूटर वळली.” त्याने हंडा बाजूला केला. “सांगून टाकलंस तर तू मोकळा होशील. ती नाही होणार. तिला राहू दे तसंच.”

“मग मी माफी कुणाची मागू?”

“माझी माग. यादीतून नको. काय केलंस ते तोंडाने सांग.”

आयुष्यभर ज्या प्रसंगाला घाबरून त्याने एवढी व्यवस्था लावली होती, तो हाच. समोर माणूस, मध्ये काही नाही.

“मी गेटपर्यंत आलो होतो,” तो म्हणाला. “लोक दिसले. घाबरलो. परत गेलो. उत्तर दिलं नाही, कारण आधीचं दिलं नव्हतं. केळी घरी नेली. खाल्ली.”

“गोड होती?” फैजने विचारलं.

पारसने मान खाली घातली. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. “माझं चुकलं, फैज. मला माफ कर.”

“ऐकलं,” फैज म्हणाला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. हंडा उचलून आत गेला.

दिवस कलायला लागला तशी खाला भिंतीला धरून उठली. नको नको म्हणत असताना तिने त्या लहान पातेलीत खिचडी टाकली. “दिन बुडाना पहिले जेवी ले,” ती म्हणाली. पातेलीवरचं नाव घासून घासून पुसट झालं होतं, पण वाचता येत होतं. फैज भिंतीला टेकून बसला.

ताट पुढे आलं तेव्हा खालाने विचारलं, “बेटा, दवाखानामा तू माले काय सांगं? मी निजेल व्हती, तरी वाटे कोनी बोली ऱ्हायनं.”

फैजने वर पाहिलं. पारसचा घास हातात राहिला. खोटं बोलणं सोपं होतं. ‘लवकर बरी हो,’ असं म्हटलं असतं तर ती खूश झाली असती.

“मी काहीच बोललो नाही, खाला,” तो म्हणाला.

खाला हसली. तिने त्याच्या ताटात तुपाची धार सोडली.

“माले माहीत शे. तू कधी बोलस? पन उना ना तू. माले तेवढंच बस.”

पारसने मान खाली घातली आणि पातेलीतली खिचडी शेवटच्या शितापर्यंत संपवली.