न वापरायचं नाव

हृदयाच्या दवाखान्यात नर्सने माझं नाव पुकारलं आणि माझी मुलगी उठून उभी राहिली. मी बसूनच राहिले.

नर्स कोवळी, इथली स्थानिक फ्लेमिश पोरगी होती. ओळखपत्रावर माझं माहेरचं पोलिश आडनाव आहे, ते तिला काही केल्या जमेना. दोनदा अडखळली, मग कंटाळून नुसतीच ओरडली, “फ्रुमेट!” मुलगी उठली, कारण तिचं नाव फ्रुमेट. घरात आम्ही फ्रुमी म्हणतो. मी बसले, कारण गेली त्रेपन्न वर्षं अँटवर्पमध्ये मला या नावाने कुणी हाक मारलेली नाही. एक कर खातं सोडून.

“पेशंट तुम्ही?” नर्सने विचारलं.

“नाही, माझी आई.”

“मग फ्रुमेट कोण?”

“मी,” फ्रुमी म्हणाली. “आईचं नाव ब्राखा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहत्तर वर्षांची मी, हृदयाची झडप बदलायची म्हणून आलेली, आणि माझ्याच कागदावर माझं नाव दुसरीचं!

“ब्राखा गेली खड्ड्यात,” मी म्हणाले. “फ्रुमेट मी आहे.”

सगळी खोली बघायला लागली. फ्रुमीचा चेहरा पांढरा पडला. तिला मी कधी काही सांगितलं नव्हतं. सरकारी कागदावर आईचं कसलंसं जुनं नाव आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. त्या दिवशी घरी जाताना ट्राममध्ये मी तिला सगळं सांगितलं, आणि हळू आवाजात सांगितलं नाही.

माझी आई पेसल. तिच्या आईचं नाव फ्रुमेट. त्या आजीला नाझींनी पोलंडमधल्या गावातून आगगाडीत घातलं, ती परत आली नाही. कबर नाही, फोटो नाही, डोक्याचा रुमालसुद्धा नाही. आईजवळ तिच्या आईचं फक्त नाव उरलं होतं, आणि सत्तेचाळीस साली मी झाले तेव्हा ते तिने मला दिलं. आम्हा ज्यूंमध्ये जित्या माणसाचं नाव लेकराला देत नाहीत, गेलेल्याचंच देतात. म्हणजे गेलेलं माणूस पार जात नाही, निदान जेवायला हाक मारताना तरी घरात असतं.

सहासष्ट साली मला आन्शलचं स्थळ आलं. हिऱ्यांना पैलू पाडायचा, हात बरा होता, दारू नाही, जुगार नाही. माझे वडील वारले होते, आई हातमोजे शिवायची. सासूबाई बघायला आल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं, चालायला लावलं, हेरिंग माशाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “मुलगी पसंत आहे. नाव नाही.”

कारण त्यांचंही नाव फ्रुमेट. नवऱ्याच्या आईचं आणि बायकोचं नाव एक असू नये, असं आठशे वर्षांपूर्वी कुणा पुण्यवान माणसाने मृत्युपत्रात लिहून ठेवलंय. त्याचं काय जात होतं लिहायला!

“एका घरात दोन फ्रुमेट,” सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे एकीच्या मरणाची वाट बघायची. ती एक मी नाही होणार.”

आमच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेलो. रब्बी दाढीत हसले. “नाव पुसायचं नाही, फक्त वापरायचं नाही. पोरीला ब्राखा म्हणा. ब्राखा म्हणजे आशीर्वाद. यात वाईट काय?”

नाव बदलायचं तर सासूबाईंचंही बदलता आलं असतं. ते कुणी सुचवलं नाही. मी आईकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल, असं मला वाटलं होतं. तिने मान खाली घातली. तिला बापाविना वाढलेली मुलगी उजवायची होती. पण त्यानंतर मला ब्राखा म्हणून तिने एकदाही हाक मारली नाही. फ्रुमेट म्हणूनही नाही. मरेपर्यंत ती मला “अगं” म्हणाली.

दोन वर्षांनी सासूबाई गेल्या, आणि पाच आठवड्यांनी मला मुलगी झाली. पहिल्या लेकराचं नाव आईच्या बाजूने ठेवायचं, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. मी माझ्या वडिलांच्या आईचं नाव ठरवून ठेवलं होतं, गिटल. पण मुलीचं नाव बाप प्रार्थनाघरात जाऊन ठेवतो, त्या वेळी आई दवाखान्यात टाके सांभाळत पडलेली असते. सोमवारी सकाळी आन्शल प्रार्थनाघरात जाऊन आला. दुपारी माझी नणंद हिंदे कोंबडीच्या सुपाचा डबा घेऊन खोलीत शिरली आणि दारातूनच ओरडली, “आली गं आली, आमची फ्रुमेट परत आली!”

संध्याकाळी मी आन्शलला विचारलं, “मला विचारलंस?”

“रब्बींना विचारलं. ते म्हणाले, आईचं नाव ब्राखा आहे, मग अडचण कुठे?” आणि वर लाडात येऊन म्हणाला, “तुझ्या आजीचंही नाव तेच ना? एका दगडात दोन पक्षी.”

मेले मात्र दोन्ही पक्षी माझेच. हे त्याच्या तोंडावर बोलायचं धाडस तेव्हा झालं नाही. चार वर्षांपूर्वी तो वारला, तोवर बोलायची इच्छा राहिली नव्हती.

मग काय, फ्रुमेट, दूध पी. फ्रुमेट, दार लाव. फ्रुमेट, किती वेळा सांगायचं? दिवसातून पन्नास वेळा मी माझंच नाव घ्यायची आणि ओ दुसरीच द्यायची. लोक म्हणायचे, सासूवर किती जीव बाई हिचा, सारखं नाव घेते! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एवढं सगळं ट्राममध्ये सांगितलं. फ्रुमी ऐकत होती. ती बोलत नाहीच. एक्कावन्न वर्षांची झाली, शाळेत शिकवते, पण कपाला धक्का लागला तर कपाची माफी मागेल अशी बाई.

ऑपरेशनची मंगळवारची तारीख ठरली तसा मी हिंदेला फोन केला. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की त्याचं नाव आणि त्याच्या आईचं नाव हिंदेला कळवायचं. रविवारी दुपारी तिच्या घरी बायका जमतात, दीडशे स्तोत्रं आपापसात वाटून घेतात आणि त्या नावांसाठी म्हणतात. ती यादी गेली तीस वर्षं हिंदेच्या हातात आहे. तिच्या पेन्सिलीतून गेल्याशिवाय देवाकडे काही पोचत नाही, असा तिचा समज आहे.

“लिहा वन्सं,” मी म्हणाले. “फ्रुमेट, पेसलची लेक.”

पलीकडे पेन्सिल ठेवल्याचा आवाज आला. मग, “ब्राखा, गुंगीचं औषध आत्तापासूनच द्यायला लागले की काय?”

“लग्नाआधी होते तेवढी शुद्धीत आहे.”

“अगं, अख्खी गल्ली तुला ब्राखा म्हणून ओळखते. देवाला तरी कसं कळायचं कोण ते?”

“देवाला पत्ता मी सांगते. तुम्ही पेन्सिल चालवा.”

“ते माझ्या आईचं नाव आहे!”

“माझ्या आईच्या आईचंही आहे. तुमच्या आईला पुट्टेच्या दफनभूमीत कबर आहे, दर वर्षी जाऊन तिच्यावर खडा ठेवून येता. माझ्या आजीचा खडा मी कुठे ठेवू? एक मीच होते, माझ्यावरही तुम्ही दुसरी पाटी लावलीत. सुरीखाली जायचंय मला वन्सं. परत आले नाही तर ब्राखा नावाने जाणार नाही मी. अजिबात नाही.”

तेव्हा हिंदेने आवाज उतरवला. आवाज उतरवला की ती जास्त वाईट असते.

“आणि फ्रुमीचं काय? विचार केलास तिचा? मंगळवारी मृत्यूचा दूत येऊन उभा राहणार तुझ्या उशाशी. हातात कागद, कागदावर फ्रुमेट. बाहेर बाकावर दुसरी फ्रुमेट बसलेली. त्याने चुकून धाकटी उचलली तर? सहा मुलं आहेत तिला. एक्कावन्न वर्षं तुला ब्राखा म्हणून ती पोर सुखरूप राहिली. आता मरायच्या वयात तुला नावाची हौस आली!”

“कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही,” मी म्हणाले आणि फोन आपटला.

मी असलं काही मानत नाही. अजूनही मानत नाही. पण दुपारभर मी ओट्याशी उभी होते आणि हातातला बटाटा सोलून होत नव्हता. फ्रुमी सायकलने शाळेत जाते, ट्रामचे रूळ ओलांडून. पाऊस पडला की ते रूळ निसरडे होतात. चार वाजता तिचा फोन यायचा तो साडेचारला आला. संध्याकाळी मी हिंदेला फोन केला.

“लिहा ब्राखा.”

“शहाणी आहेस,” हिंदे म्हणाली.

शहाणी! माझ्याच लेकराची भीती घालून माझ्याच गळ्यात दोर बांधला आणि वर शाबासकी. आयुष्यात मला इतका राग सासूचा आला नव्हता, आन्शलचाही नाही. पण करणार काय? आजीचं नाव एका पारड्यात आणि फ्रुमी दुसऱ्या. यात तोलायचं काय असतं?

काल रविवार होता. हिंदेच्या घरी तीस-पस्तीस बायका, लेसच्या टेबलक्लॉथवर प्लास्टिक, मधाचा केक, सोड्याच्या बाटल्या. मला टेबलाच्या टोकाला, मानाच्या खुर्चीवर बसवलं. फ्रुमी उशिरा आली आणि कोट न काढता दाराशीच उभी राहिली. हिंदेने चष्मा चढवला आणि यादी वाचायला घेतली. कुणाचं पित्ताशय, कुणाचं अडलेलं बाळंतपण. मग आवाज जरा फुगवून, “ब्राखा, पेसलची लेक. मंगळवारी ऑपरेशन.”

“अशी कुणी बाई नाही,” फ्रुमी म्हणाली.

मला आधी वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं.

“काय म्हणालीस?” हिंदेने चष्म्यावरून बघितलं.

“पेसलआजीच्या मुलीचं नाव फ्रुमेट आहे आत्या. ते लिहा. मला सगळं कळलंय. तुम्हीच अभिमानाने सांगितलंत ना परवा, आईला कसं गप्प केलं ते. माझं नाव पुढे करून.”

“तुझ्या जिवासाठी केलं हो!”

“मग माझंही नाव लिहा यादीत. दूताचा घोळ होणार असेल तर दोघींसाठी म्हणा स्तोत्रं. लिहा, फ्रुमेट, फ्रुमेटची लेक.”

अभद्र टळावं म्हणून बायकांनी एकदम थू थू थू केलं. एकीने पुस्तक छातीशी धरलं. हिंदे उभी राहिली.

“गप्प बस! कुणाचं असतं असं नाव, माहीत आहे? जिची आई बाळंतपणात जाते तिचं! आईला पुरून आलेला बाप ठेवतो असं नाव! तुझी आई समोर जिवंत बसलीय!”

“माहीत आहे आत्या,” फ्रुमी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हात कोटाच्या खिशात गच्च होते. “पण मी झाले त्या आठवड्यात आईतली फ्रुमेट गेलीच होती. आई मला हाक मारते तेव्हा तिच्या आवाजात राग असतो. तुम्ही कधी ऐकला नाहीत? मी रोज ऐकलाय. दूध पी म्हणतानासुद्धा. लहानपणी मला वाटायचं, मी घरातलं काहीतरी फोडलंय आणि नेमकं काय ते मला आठवत नाही. मी सगळ्यांची माफी मागत फिरायची. अजून मागते. आता कळलं, मी काही फोडलं नव्हतं. मी तिची वस्तू वापरत होते, आणि ती मला दिली तुम्ही लोकांनी.”

मला हिंदेचा राग आला, आन्शलचा आला, त्या हसऱ्या रब्बींचा आला, मान खाली घालून बसलेल्या माझ्या आईचा आला. मग माझा आला. तो या सगळ्यांहून मोठा होता. ज्यांच्यावर ओरडायचं त्यांच्यापुढे मी मूग गिळून बसले आणि सगळा राग एका पोरीला पाजत राहिले. दुधाबरोबर.

मी उठले. डॉक्टरांनी पटकन उठायचं नाही म्हणून सांगितलंय, तरी उठले. हिंदेच्या हातातून पेन्सिल काढून घेतली, ब्राखा खोडलं आणि दोन ओळी लिहिल्या. फ्रुमेट, पेसलची लेक. फ्रुमेट, फ्रुमेटची लेक. अक्षर वेडंवाकडं आलं.

“मी हे वाचणार नाही,” हिंदे म्हणाली.

“तुम्हाला सांगतंय कोण?” मी म्हणाले आणि स्वतःच वाचलं, मोठ्याने, दोन्ही ओळी. पहिली ओळ पस्तीस बायकांसमोर माझ्या तोंडून आली तेव्हा माझं नाव मलाच परकं वाटलं. कोपऱ्यातून एका म्हातारीने स्तोत्र सुरू केलं, मग दुसरीने.

फ्रुमी अजून दारातच होती. माझ्याशेजारची खुर्ची मी ओढली.

“फ्रुमेट,” मी हाक मारली.

राग होताच आवाजात. तसाच, रोजचा. मला तो पहिल्यांदाच ऐकू आला, आणि तिने खिशातल्या हातांसकट अंग चोरून घेतलं तेही मी पहिल्यांदाच बघितलं.

मी पुन्हा हाक मारली.