वाल्मीकच्या सूचना

"भाऊ, मना वाल्मीकनी ह्यामा काय लिखेल शे, तेवढं वाच."

केसरबाई लॅबच्या दारात चपला काढून आत आल्या आणि थेट कोपऱ्यातल्या जुन्या मशीनसमोर बसल्या. शिंदखेड्याहून सकाळच्या गाडीने धुळ्याला आल्या होत्या. पोरगा जाऊन आठ महिने झाले, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की कॉलेजच्या लॅबमध्ये कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये त्याचं लिहिलेलं अजून आहे.

होतं ना! पण काय होतं? लॅब अटेंडंट अभिमनला ते ठाऊक होतं. इथे शिकत असताना वाल्मीकने मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स घातलं, आणि पुण्याला नोकरीला जाताना अभिमनसाठी सूचनांची एक फाईल ठेवली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. महिन्याभरात तिकडे त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. तेव्हापासून अभिमनला ती फाईल उघडवली नव्हती. उद्या या मशीनची डिस्क साफ करून विंडोज घालायचं होतं, तसा वरून हुकूमच होता. आज वाचलं तर वाचलं.

फाईल उघडली. आता या माउलीला रूट नि पासवर्ड काय ऐकवायचं? त्याने घसा खाकरला. "लिहिलंय, माय, तुझी फार आठवण येते. जिवाला जप."

केसरबाईंनी मान हलवली. "हाई तू तुना मननं सांगी राह्यना. तो असं कधीज बोले नही. जे शे ते वाच."

अभिमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने जसंच्या तसं वाचायला घेतलं.

"अभिमनभाऊ, रोजच्या कामाला रूट, म्हणजे मशीनचा मालक, बनून बसू नका. त्याला सगळ्याची मुभा असते, एका चुकीत सगळं पुसलं जातं. आपल्या साध्या नावाने काम करा."

केसरबाई कान देऊन ऐकत होत्या.

"काही अडलं तर आधी स्क्रीनवर काय लिहून आलंय ते नीट वाचा. न वाचता पोरांवर ओरडू नका."

"माले बी असाच दम दे तो," त्या पदराआड हसल्या. "बठ्ठं बोलनं त्यानंच शे. वाच, वाच."

"मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. परत सुरू केल्यावर मशीन स्वतःच तपासणी करतं. वेळ लागतो. तोवर चहा घ्या, पण साखर कमी. तुम्हाला डॉक्टरने सांगितलंय."

साखर अभिमनने कमी केलीच नव्हती. बाहेरच्या पोरांचा गलका चालूच होता. त्याने डोळे पुसले आणि शेवटच्या ओळी वाचल्या.

"बंद करताना सरळ बटण दाबायचं नाही. आधी मशीनला सांगायचं, की मी आता बंद करतोय. त्याला हातातलं काम आवरू द्यायचं. न सांगता बंद केलं, तर मागे राहिलेलं बिघडतं."

केसरबाईंनी पडद्याकडे बघितलं.

"माले बी सांगं नही रे त्यानी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, गुडघ्यावर हात ठेवले.

"आखो येक डाव वाच, भाऊ."

अभिमनने फाईल वर नेली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.