खांद्याजवळची मूठ

रुपचंदने गव्हाच्या राशीत हात खुपसला, मूठ वळली आणि नाव उच्चारले.

"वना."

मूठ सुपात रिती झाली. समोर बसलेल्या त्याच्या थोरल्या मुलाने, वनाने, किंचित मान लववून ती जणू स्वीकारली.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा रोट दोन दिवसांवर आला होता. घरातील प्रत्येक जिवंत माणसाच्या नावाने वडीलधाऱ्याने मूठभर गहू वेगळा काढायचा, तो दळून त्याचा रोट करायचा आणि तो घराबाहेरच्या मुखी जाऊ द्यायचा नाही, अशी रीत होती. वडीलधाऱ्याचे स्वतःचे नाव सर्वांत शेवटी येई. नावे संपेपर्यंत सूप जागचे हलवायचे नसे.

आता रुपचंदची स्वतःचीच मूठ तेवढी उरली होती. परंतु त्याचा हात पुढे होईना.

"काकाले वरीस बी व्हयेल नही, आबा," वना खालच्या आवाजात म्हणाला. "ह्या साल तरी लेवा त्यानी मूठ."

"मरेल मानूसनी मूठ ऱ्हास नही."

रुपचंदची बायको झुंबरबाई सुपाच्या कडेचे दाणे बोटाने आत सारत होती. ती सुपालाच उद्देशून बोलली,

"जित्ता व्हता तव्हय बी कोठे लिधी?"

रुपचंद उठला. अर्ध्यावर उठणे अशुभ, हे त्यानेच लेकरांना शिकविले होते. तरीही त्याने पायांत वहाणा सरकविल्या आणि उजवा हात बंडीच्या खिशात खोल घालून तो बाहेर पडला.

तो हात खिशात ठेवण्याची सवय त्याने मुद्दाम लावून घेतली होती. कोणी काही विचारले की उत्तर देण्यापूर्वी त्याचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्याजवळ जाई आणि तेथे हवेतच अर्धवट मिटून राही. एकदा धुळ्याच्या मोटारीत कंडक्टरने कोठे उतरणार म्हणून विचारले, तेव्हाही असेच झाले. मागच्या बाकावरची तरुण मुले खो-खो हसली होती.

"काय बाबा, या वयात विराजकुमार?"

तेव्हापासून तो हात म्हणजे एखादे नाठाळ जनावर असल्याप्रमाणे रुपचंद त्यास दावणीला बांधून ठेवीत आला होता. मुले कशाला हसली हे त्याने कोणास विचारले नाही. चित्रपटगृहाची पायरी तर त्याने जन्मात चढली नव्हती.

विराजकुमार हे नाव मुंबईने ठेविलेले. वैशाखात तो नामांकित अभिनेता निवर्तला, त्याची बातमी आकाशवाणीने दिली, तेव्हा त्याचे मूळ नाव कोणी सांगितले नाही. या घरात तो सुपडू होता, रुपचंदचा धाकटा भाऊ. रुपचंदच्या पाठची तीन भावंडे दगावली, म्हणून हे मूल तरी जगावे यासाठी त्याला जन्मताच सुपात घालून उंबऱ्यावरून ओढले होते; नावही त्यावरूनच पडले. पुढे आई गेली. तेव्हा कोवळ्या वयाच्या रुपचंदने त्याला डाव्या खांद्यावर बसवून सोनगीरच्या बाजारास न्यावे, किल्ला दाखवावा, परत आणावे. सुपडू मोठा झाला आणि मुंबईस गेला, तोवर सर्व यथास्थित होते. पण वडील वारले, तार गेली आणि तेराव्यालाही तो आला नाही. त्या श्रावणात रुपचंदने त्याची मूठ बंद केली. तसा निरोपही धाडला. उत्तर आले नाही.

पाय नेतील तसा तो चालत होता. मारुतीच्या पाराजवळ थांबला, पुन्हा वळला, पुन्हा निघाला. अखेरीस गर्दी पाहून उभा राहिला.

किराणा दुकानदार मोहनलालने आपला दूरदर्शन संच ओट्यावर आणून ठेविला होता. दिवंगत नटाच्या स्मरणार्थ आज त्याचा चित्रपट दाखवीत होते. काही जणांनी रुपचंदला ओळखून वाट दिली. मोहनलालने स्टूल पुढे केले, पण तो बसला नाही. निघून जावे असे त्याच्या मनात आले. मात्र मागेही माणसे दाटली होती.

पडद्यावर न्यायालय होते. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचे केस पिकविलेले होते आणि नाक थेट वडिलांचे होते. वकिलाने त्याला काही विचारले.

उत्तर देण्यापूर्वी आरोपीचा उजवा हात सावकाश वर आला आणि डाव्या खांद्याजवळ हवेत अर्धवट मिटला.

गर्दीतून शिट्ट्या उमटल्या. पुढे बसलेल्या दोघा-तिघांनी आपापले हात तसेच खांद्याशी नेले. रुपचंदने खिशातला हात अधिकच आवळला. एवढ्यात कॅमेरा जवळ गेला आणि तो हात पडद्याएवढा मोठा झाला.

मूठ पुरती मिटलेली नव्हती. आत एखाद्या लहान मुलाचा घोटा मावेल, इतकीच ती सैल होती. अंगठा हळूहळू मागे-पुढे फिरत होता.

सुपडूच्या घोट्यावरची धूळ रुपचंद अंगठ्याने अशीच पुसत असे. ते वाटेवरच्या माणसाला दिसण्यासारखे नव्हते. खांद्यावर बसलेल्यालाच तेवढे कळत असे.

"ही लकब सुरुवातीच्या चित्रपटांत नव्हती, नाना," मोहनलाल त्याच्या कानाशी म्हणाला. त्याने एकही चित्रपट चुकविला नव्हता. "तुमचे वडील वारले ना, त्याच्या पुढच्या वर्षापासून दिसते. मग शेवटपर्यंत सोडली नाही. लोक म्हणतात, नशीब पकडतो."

एका तरुणाने वळून त्याच्याकडे पाहिले आणि गमतीने विचारले,

"नाना, तुम्हले जमस का ही नक्कल?"

"नही," रुपचंद म्हणाला. "माले नक्कल जमत नही."

घरी सूप जागच्या जागीच होते. झुंबरबाईही जागची हलली नव्हती. वनाने काही विचारू नये म्हणून तिने त्याला नुसत्या डोळ्यांनी आवरले. रुपचंदने हात-पाय धुतले, तो राशीपुढे बसला आणि मूठ भरली.

"रुपचंद."

गहू सुपात पडला. नावे संपली. झुंबरबाईने सूप उचलण्यासाठी हात पुढे केले.

रुपचंदचा हात पुन्हा राशीत गेला होता. या वेळी त्याने मूठ फार आवळली नाही, त्यामुळे काही दाणे बोटांमधून निसटले.

"रुपचंद," तो पुन्हा म्हणाला.

"आबा, तुमनं नाव व्हई गयं," वना म्हणाला.

रुपचंदने उत्तर देण्यासाठी मान वर केली. त्याचा उजवा हात गव्हाची धूळ लागलेला तसाच डाव्या खांद्याशी गेला आणि अर्धवट मिटून तेथेच राहिला. त्याने तो लपविला नाही.

वनाने विराजकुमारचे चित्रपट चोरून पाहिले होते. तो त्या हळूहळू मागे-पुढे फिरणाऱ्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

झुंबरबाईने निसटलेले दाणे वेचून सुपात टाकले. मग तिने सूप हळूच हलविले. दोन्ही मुठींचा गहू एकमेकांत मिसळला. ती दळायला उठली.